मामाची मुलगी आणि रक्तातला ‘एच’

‘मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय, पुढे मुलाबाळांना काही होईल का?’ सातारा-सांगलीकडून लग्नसराईत हा प्रश्न हमखास येतो. त्या भागात मामाची मुलगी हक्काची. इरावती कर्वे यांनी 1953 च्या नातेसंस्थेवरच्या ग्रंथात या रिवाजाची दखल घेतली आहे.

कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण 2 ते 3 टक्के असते. सख्ख्या मामेबहिणीशी लग्न झालं तर तीत आणखी जवळपास तेवढीच भर पडते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच निपजतात. उगाच कुणाला घाबरवू नये. नात्यातल्या लग्नाने सदोष जनुक तयार होत नाही. आजोबांकडे किंवा आजीकडे असलेली एकच प्रत आईकडून आणि वडिलांकडूनही येते, नि बाळात जोडीने बसते.

हे उमगलं एका साध्या चौकशीतून. लंडनच्या आर्किबॉल्ड गॅरड यांना लघवी काळी पडणाऱ्या रुग्णांचे आईवडील अनेकदा चुलत-मामे भावंडं असल्याचं दिसलं. विल्यम बेटसन यांनी त्यात मेंडेलचा नियम ओळखला. गॅरड यांचा लेख 1902 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला.

बरोबर 50 वर्षांनी त्याच ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. शहराचं नाव अजरामर झालं. भेंड्यांचं किती मराठी घरांत ठाऊक आहे? याची मला खरोखर खंत वाटते.

हा गट चकवा देतो. काचपट्टीवर ए आणि बीच्या तपासणीचे थेंब टाकले तरी रक्त गोळा होत नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘ओ’ लिहिलं जातं. क्रॉसमॅचला मात्र ‘ओ’ची प्रत्येक पिशवी बाद! कारण ज्या ‘एच’वर ए आणि बी रचले जातात तो एचच या रक्तात नसतो, उलट त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. हा आजार नव्हे, पण साधं ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. भारतात सुमारे 10,000 मध्ये एक, युरोपात 10 लाखांत एक अशी ही माणसं. त्यांचे आईवडील पुष्कळदा नात्यातले निघतात. प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता 25 टक्के, म्हणून रक्तदाता आधी घरातच शोधतात.

लहानपणीच दगावलेलं मूल, जन्मजात बहिरेपण, वरचेवर रक्त चढवावं लागणारं भावंड, या गोष्टी घरोघर दडपल्या जातात. तसं करू नका. सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती कागदावर उतरवून जनुकीय सल्ला घ्या. आणि आईवडील नात्यातले असून तुमचा गट ‘ओ’ असेल, तर पुढच्या रक्तदानाला रक्तपेढीत ‘एच’ तपासणीबद्दल जरूर विचारा.