दम परत येतो, पण सावकाश

कोविडच्या जबर न्युमोनियातून उठलेल्या माणसाने मालवणच्या किनाऱ्यावर लगेच रापणीचं जाळं ओढायला उभं राहू नये. आधी सहा मिनिटं चालून बघावं, सपाट जागी, बोटाला ऑक्सिमीटर लावून. (वाळूत नको; मेंदी-नेलपॉलिशचं बोटही नको.) ऑक्सिजनचा आकडा 4 किंवा अधिक अंकांनी घसरला तर डॉक्टर गाठावेत. सीटी स्कॅनमधले धुरकट डाग बऱ्याच जणांत काही महिन्यांत विरतात. थोड्यांच्या फुप्फुसात व्रण उरतो, तोच फायब्रोसिस.

स्टेरॉइडचं मात्र नीट समजून घ्या. 2020 च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, तेही जास्तीत जास्त 10 दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागला नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणं म्हणजे साखर वाढवून 2021 सारख्या काळ्या बुरशीला वाट देणं. लिहून दिलेला कोर्स मनाने तोडूही नये. फायब्रोसिसवरच्या पिरफेनिडोन या औषधाचा गाजावाजा झाला खरा, पण कोविडनंतरच्या व्रणांवर त्याचा पुरावा तोकडाच आहे.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जाताना जुना स्कॅन सोबत न्या; नव्याची तुलना त्याच्याशीच होते.