खोटा खड्डा, खरी धडधड

माणूस कसा पाहतो, कसा वागतो याचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक जुनी अडचण आहे. प्रयोगशाळेत सगळे काटेकोर मोजता येते; पण पडद्यावरची चित्रे पाहून बटण दाबणारा माणूस रस्त्यावरही तसाच वागेल याची खात्री नसते. रस्त्यावर तो स्वाभाविक वागतो, मात्र तोच प्रसंग दुसऱ्यांदा हुबेहूब घडवता येत नाही. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजेच आभासी वास्तव, या दोन्हींची सांगड घालते. डोक्यावरचा हेडसेट मानेची प्रत्येक हालचाल टिपतो आणि तिच्याबरोबर समोरचे दृश्य बदलतो. पाहणाऱ्याला आपण तिथेच आहोत असे वाटते, आणि दृश्यातला प्रत्येक तपशील संशोधकाच्या ताब्यात राहतो.

हे वाटणे नुसते वरवरचे नसते. अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका आभासी खोलीत नेले. तिथे जमिनीच्या जागी सुमारे 6 मीटर खोल खड्डा होता. खड्डा खोटा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते, तरीही काठाशी येताच हृदयाचे ठोके वाढले. पायाखाली जेमतेम 4 सेंटिमीटर उंचीची खरी लाकडी फळी ठेवली आणि बोटांना तिची कड जाणवली, तेव्हा ते आणखी वाढले. बुद्धीला पटलेली गोष्ट शरीर मानत नाही, आणि या साऱ्या संशोधनाचा पाया हाच आहे.

त्यामुळे खऱ्या जगात करणे अनैतिक ठरेल असे प्रयोगही शक्य झाले. स्टॅन्ली मिलग्राम यांचा 1960च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायचे होते. धक्के बनावट होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये धक्के सोसणाऱ्याच्या जागी संगणकाने रेखाटलेली स्त्री ठेवली. ती खरी नाही हे माहीत असूनही तिला पाहणारे आणि ऐकणारे सहभागी अस्वस्थ झाले, आणि काहींनी प्रयोग मध्येच थांबवला.

दृष्टीबद्दलचा सर्वांत चकित करणारा निष्कर्ष 2020 मधला आहे. मायकेल कोहेन, थॉमस बॉच आणि कॅरोलिन रॉबर्टसन यांनी डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या हेडसेटमध्ये सहभागींना खऱ्या ठिकाणांची चहूबाजूंनी चित्रित केलेली दृश्ये दाखवली. नजर जिथे असेल तिथे रंग ठेवले आणि कडांकडचे रंग हळूहळू काढून टाकले. नजर हलली की रंगीत भागही तिच्याबरोबर सरके. दृश्याचा 5 टक्क्यांहूनही कमी भाग रंगीत उरला, तरी जवळजवळ एक तृतीयांश लोकांच्या काहीच लक्षात आले नाही. भोवतालचे सारे जग एकाच वेळी रंगीत दिसते, हा आपला रोजचा अनुभव बऱ्याच अंशी मेंदूने भरून काढलेला असतो.

सर्वांत थेट उपयोगाचे काम मात्र आयोवा विद्यापीठातले आहे. तिथे मोठ्या पडद्यांवर रहदारीचा रस्ता उभा केला जातो. गाड्या ताशी सुमारे 40 किलोमीटर वेगाने येत राहतात आणि मुले खरोखर पावले टाकत तो ओलांडतात. सहा वर्षांच्या मुलांना 8 टक्के वेळा आभासी गाडीची धडक बसली. बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 2 टक्के होते आणि चौदाव्या वर्षापासून पुढे शून्य. लहान मुलांचे चुकते ते मुख्यतः पाऊल उचलण्याच्या वेळेत. गाडी पुढून गेल्यावर ती क्षणभर उशिरा निघतात. बारा वर्षांची मुलेही पूर्ण सराईत नसतात, पण ती दोन गाड्यांमधली मोठी फट निवडून ही उणीव भरून काढतात. हे खऱ्या रस्त्यावर तपासायला कोणता पालक परवानगी देईल?

या साधनाच्या मर्यादा जाणून घेणेही तितकेच गरजेचे आहे. एखादी खूण पाहून, डोळे मिटून तिथवर चालत जायला सांगितले, तर खऱ्या जागेत माणसे बहुधा अचूक पोहोचतात. हेडसेटमधली खूण पाहिल्यावर मात्र ती अलीकडेच थांबतात, कारण आभासी अंतर आखूड भासते. नव्या हेडसेटमध्ये ही चूक कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. म्हणून एकाच आभासी दृश्यात दोन वयोगटांची केलेली तुलना अधिक भरवशाची ठरते. किती सेकंदांची फट सुरक्षित, हा आकडा मात्र खऱ्या रस्त्यावरच्या निरीक्षणाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरता येत नाही.