व्यावसायिक तोडणीसाठी चेनसॉ : कंपनी निवडताना काय पाहावे?

निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ यांची तोडणी ठेक्याने घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘स्टिल घ्यावा की हुस्क्वर्ना?’ स्टिल ही १९२६ मध्ये सुरू झालेली जर्मन कंपनी. स्वीडनची हुस्क्वर्ना १९५९ पासून चेनसॉ बनवते. दोन्हींची व्यावसायिक यंत्रे जंगलकामात टिकलेली आहेत. त्यामुळे खरा निर्णय नावावर नाही, तर आपल्या तालुक्यात सुटे भाग आणि मिस्त्री कोणाचा मिळतो यावर घ्यावा.

तोडणीच्या दिवशी मजूर आणि गाडी दोन्ही येऊन थांबलेले असतात. अशा वेळी क्लच किंवा ऑइल पंप गेला आणि भाग यायला आठवडा लागला, तर खरेदीत वाचलेले पैसे तिथेच संपतात. म्हणून खरेदीपूर्वी दुकानात जाऊन चेन, बार, स्प्रॉकेट, क्लच, स्टार्टरची दोरी आज शिल्लक आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. ‘मागवून देतो’ हे उत्तर धरू नये.

एकाच कंपनीत घरगुती वापराची आणि व्यावसायिक, अशी दोन्ही यंत्रे असतात. रंग मात्र तोच. रोज पाच-सहा तास काम असेल तर इंजिनाचा खालचा सांगाडा प्लॅस्टिकचा नसून मॅग्नेशियमचा आहे याची खात्री करावी. सरपण, कुंपणाच्या कामाला ४५ सीसी पुरते. जुन्या बाभळीच्या, सागाच्या बुंध्याला ६० ते ७० सीसी आणि १८ ते २० इंची बार लागतो. लहान इंजिनावर लांब बार चढवण्याचा मोह टाळावा, इंजिनावर ताण येतो.

स्वस्त, अनोळखी नावाचे यंत्र फांद्या छाटायला चालेल. तरीही चेन ब्रेकशी तडजोड नको. दुकानातच यंत्र सुरू करायला लावून पुढचा हातरक्षक पुढे ढकलायला सांगावा. चेन तत्काळ थांबली नाही, तर ते यंत्र फुकटही घेऊ नये. उलट झटका बसला की चेन थेट तोंडाकडे येते.

इंधनाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. कंपनीचे टू-स्ट्रोक ऑइल वापरल्यास ते बहुधा ५०:१ असते, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलि. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी. बारला जळके ऑइल घालू नये.

टोळीत दोन-तीन यंत्रे असतील तर ती एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्यावीत. एकाचा बार आणि चेन दुसऱ्याला बसते, बंद पडलेल्या यंत्राचे भागही कामी येतात.