दिसाल, तर टिकाल!

मुंबईत कसली आलीय थंडी, असं म्हणून हसू नका. स्वेटर भले कपाटात राहू दे, पण आपला हिवाळा एक गोष्ट न चुकता आणतो, ती म्हणजे लवकरचा अंधार. जूनमध्ये सव्वासातनंतर मावळणारा सूर्य नोव्हेंबर संपता संपता सहालाच गुडुप होतो. म्हणजे साडेसहाला ऑफिसातून सुटणारा प्रत्येक जण अंधारातच घरी येणार. त्यात हवेत धुरकट पडदा. आणि गंमत म्हणजे सायकलवरून ऑफिसला जायची हुक्की आपल्याला नेमकी याच सीझनला येते. पाऊस नाही, घाम नाही, मग काय!

मी राहते फणसवाडीत. इथून नरिमन पॉइंट साधारण साडेतीन किलोमीटर. "अगं, आता मेट्रो आलीय ना?" असं मैत्रिणी विचारतात. आलीय की! ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅक्वा लाइन थेट कफ परेडपर्यंत धावतेय, काळबादेवी आणि गिरगाव अशी स्टेशनंही आहेत. बीकेसीला जायचं तर बेस्टच. पण एवढ्याशा अंतरासाठी जमिनीखाली उतरा, परत वर या, तेवढ्या वेळात सायकलवाला ऑफिसच्या लिफ्टमध्ये असतो.

आता प्रश्न एकच, सायकल कुठली? काळबादेवी रोडवरच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात शिरा, गप्पा सुरू होतात त्या गिअर आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवर. दिव्याचा विषय निघतो तो बिल करताना, तोही 'अ‍ॅक्सेसरी' म्हणून. खरा घोळ इथेच आहे. मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसलाच नाहीत, तर तुमचे एकवीस गिअर काय कामाचे?

दणकट म्हणजे काय?

उत्तर रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातं. डबेवाल्यांची काळी सायकल बघा. गिअर नाही, स्टाइल नाही, पण जाड लोखंडी फ्रेम, दोन्ही चाकांवर मडगार्ड आणि भक्कम कॅरिअर. बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुरुस्त करतो. ऑफिसच्या सायकलचा फंडा हाच.

- पुढचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर विसरा. स्वस्त सायकलीत तो वजन वाढवतो, बाकी फार काही करत नाही. पेव्हर ब्लॉकचे धक्के मध्यम जाडीचे, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर छान झेलतात.
- चेनकव्हर हवंच. चेन समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून वाचते आणि ट्राउझर काळ्या तेलापासून.
- रिम अ‍ॅल्युमिनियमची घ्या. लोखंडी रिम गंजते आणि ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही.
- चाळीत राहत असाल तर सायकल दुकानातच उचलून बघा. अठरा किलोचं धूड लाकडी जिन्यावरून रोज गॅलरीत चढवायचंय, हे लक्षात ठेवा!

आणि दिवा?

इथे मात्र डबेवाल्यांची कॉपी करू नका. त्यांचं काम दिवसाउजेडी चालतं, आपण सुटतो अंधारात.

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले, तेव्हा 'क्वीन्स नेकलेस'ची शान गेली म्हणून केवढी ओरड झाली होती! रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल आपण एवढे हळवे, पण स्वतःच्या सायकलवर साधा लाल दिवा नसतो. रस्त्यावर उजेड आहे म्हणजे आपण दिसतो, असं नसतं. शेकडो हेडलाइट्सच्या झगमगाटात बिनदिव्याची सायकल सहज हरवते.

म्हणून मागचा लाल दिवा आधी घ्या, बाकी सगळं नंतर. तो स्थिर जळणारा असावा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण तुम्ही किती लांब आहात याचा अंदाज त्यावरून नीट येत नाही. जमल्यास दोन लावा, एक स्थिर, एक लुकलुकता. पुढच्या दिव्याला आपल्या रस्त्यांवर शे-दोनशे ल्युमेन पुरतात. त्याचं तोंड मात्र खाली, रस्त्याकडे हवं. समोरच्याचे डोळे दिपले, तर धोका तुम्हालाच.

डायनॅमो आठवतो? टायरला घासून चालणारा, आजोबांच्या सायकलवरचा? चार्जिंगची कटकट नाही, पण साधा डायनॅमो सिग्नलला थांबलात की विझतो. आता पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणारे डायनॅमो मिळतात. त्यांना जोडायचे काही दिवे थांबल्यावरही काही मिनिटं जळत राहतात. महाग आहेत, पण विसरभोळ्यांसाठी वरदान. चार्जिंगवाला दिवा घेतलात तर काढता येणारा घ्या आणि सायकल लावली की खिशात टाका. नाहीतर सकाळी नुसता क्लॅम्प उरेल!

रिफ्लेक्टरसाठी केंद्र सरकारने २०२० साली दर्जाचा खास आदेश काढला. ते हवेतच, पण दिव्याऐवजी नाही. रिफ्लेक्टर चमकतो तो त्याच्यावर हेडलाइट पडला तरच. त्यातही पायडलवरचे सगळ्यात उपयोगी. वर-खाली होणारे ठिपके दिसले की सायकल आहे, हे लांबूनच कळतं. गल्लीच्या तोंडाशी आडवं येणाऱ्याला दिसायचं तर टायरवर चमकणारी पट्टी हवी.

थोडक्यात, बजेट ठरवताना दिवे आणि कुलुपाचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात सायकल बसवा. आणि खरेदीला रविवारी सकाळी नको, संध्याकाळी सातला जा. दिवे लावून सायकल मित्राच्या हातात द्या, त्याला रस्त्याच्या कडेने पन्नास पावलं पुढे पाठवा आणि मागून बघा. गर्दीत पटकन सापडला? मग कार्ड काढा!