विश्लेषण : मांजर पहाटे चारला का उठवते? ही सवय मोडता येते का?

गजर साडेसहाचा लावलेला असतो, पण मांजर साडेचारलाच छातीवर येऊन बसते. आधी घुरघुर, मग म्याँव, मग गालावर पंजा. तरीही माणूस हलला नाही, तर उशाशी ठेवलेला चष्मा किंवा मोबाइल जमिनीवर. मांजर पाळणाऱ्या अनेक घरांतला हा रोजचा प्रकार आहे. काही जण वैतागून उठतात आणि वाटी भरतात, काही जण मांजराला खोलीबाहेर काढतात, तर काही घरांत ‘मांजर कोणाला तरी देऊन टाकू या’ इथपर्यंत गोष्ट येते. मांजर असे का वागते, त्यात माणसाचा वाटा किती आणि ही सवय कशी मोडायची, याविषयी...

मांजर निशाचर असते का?

मांजर रात्रभर जागते, हा समज पूर्णपणे खरा नाही. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला ते सर्वाधिक चपळ असते. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर उंदरांसारख्या लहान प्राण्यांवर जगते. एका उंदराने पोट भरत नाही, त्यामुळे दिवसरात्रीत अनेकदा थोडे थोडे खाणे ही या प्राण्याची मूळ पद्धत आहे. घरातले मांजर दिवसाचे साधारण १२ ते १६ तास झोपते. घरातील माणसे कामावर गेली की मांजराची बरीचशी झोप दुपारीच होऊन जाते. रात्री आठला जेवलेले मांजर पहाटेपर्यंत ताजेतवानेही असते आणि भुकेलेलेही.

मग ते माणसालाच का उठवते?

पहाटे जागे होणे हा मांजराचा स्वभाव आहे. माणसाला उठवणे मात्र ते शिकलेले असते. या शिकण्याचा अभ्यास सव्वाशे वर्षांपूर्वी मांजरांवरच झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात ठेवले होते. खाणे बाहेर होते आणि दार उघडायला दोरी ओढणे किंवा खटका दाबणे आवश्यक होते. सुरुवातीला मांजर ओरबाडे, धडपडे आणि योगायोगाने खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा तेच झाल्यावर सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीनंतर चांगले काही मिळते ती कृती पुन्हा केली जाते, हा नियम यातून पुढे आला. आजच्या बेडरूममध्ये तो खटका म्हणजे झोपलेला माणूस.

उठवण्याची वेळ दिवसेंदिवस आधी का सरकते?

सहा वाजता खाणे मिळते हे कळलेले मांजर सहाला जागे होत नाही. खाण्याची ठरलेली वेळ जवळ आली की बहुतेक प्राण्यांची हालचाल आधीच वाढते. त्यामुळे मांजर साडेपाचला फेऱ्या मारू लागते, म्याँव करते. माणूस ‘एवीतेवी उठायचेच आहे’ म्हणून साडेपाचला वाटी भरतो. आता खाण्याची वेळ साडेपाच झाली, म्हणजे वाट पाहणे पाचला सुरू होणार. हा फीडबॅक लूप तोडला नाही, तर वेळ अशीच मागे सरकत राहते.

घुरघुरीकडे दुर्लक्ष करणे एवढे अवघड का?

ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधक कॅरेन मॅककॉम्ब यांना याचा अनुभव स्वतःच्याच मांजरामुळे आला. पेपो नावाचे त्यांचे मांजर रोज सकाळी आग्रही घुरघुर करून त्यांना उठवत असे. त्यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाणे मागतानाची घुरघुर आणि समाधानाची घुरघुर यांची तुलना करण्यात आली. मागणीच्या घुरघुरीत एक उंच पट्टीचा, रडण्यासारखा स्वर मिसळलेला आढळला. त्याची कंपने तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळतीजुळती असल्याचे संशोधकांचे म्हणणे आहे. आवाजाची पातळी सारखी ठेवूनही ऐकणाऱ्यांना ही घुरघुर अधिक निकडीची आणि कमी सुखद वाटली. त्यात मांजर कधी न पाळलेले लोकही होते.

कधीतरी उठलो तर काय बिघडते?

सर्वाधिक नुकसान याच ‘कधीतरी’ने होते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले की दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीपेक्षा अधूनमधून बक्षीस मिळणारी सवय जास्त चिवट असते. चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी वाटी भरली, तर मांजर एवढेच शिकते की पाच दिवस ओरडले की काम होते. ओरडणे किंवा ढकलणे यानेही फारसे साध्य होत नाही. एकट्या मांजराला तेही लक्ष दिल्यासारखेच वाटू शकते, आणि मारल्याने मांजर फक्त माणसाला घाबरू लागते.

उपाय काय?

मूळ उपाय एकच : माणसाचे उठणे आणि वाटी भरणे यांतला संबंध तोडणे.

१. झोपण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे दोरीला बांधलेल्या खेळण्यामागे मांजराला पळवावे आणि शेवटी खेळणे पकडू द्यावे. त्यानंतर लगेच रात्रीचे खाणे द्यावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे.

२. हे खाणे दिवसाच्या ठरलेल्या प्रमाणातूनच वेगळे काढावे. वर जास्तीचे दिले तर वजन वाढते.

३. सकाळी उठल्याबरोबर वाटी भरू नये. तोंड धुणे, चहा, पेपर वाचणे झाल्यावर, साधारण अर्ध्या तासाने खाणे द्यावे.

४. शक्य असेल तर टायमरचा ऑटोमॅटिक फीडर घ्यावा. मग मांजर माणसाऐवजी यंत्रासमोर बसते. मांजर साडेचारला उठवत असेल, तर सुरुवातीला फीडर सव्वाचारला लावावा. उठवणे थांबले की दर तीन दिवसांनी वेळ १० मिनिटे पुढे न्यावी. सव्वाचारवरून सव्वासहापर्यंतचे १२० मिनिटांचे अंतर अशा १२ टप्प्यांत, म्हणजे ३६ दिवसांत पार होते.

५. खिडकीला जाड पडदा लावावा. पहाटेचा उजेड आणि खिडकीवरची कबुतरे यांमुळेही मांजर चाळवते.

लहान पिल्लांना मात्र हे लागू नाही. त्यांना कमी अंतराने खाणे लागते.

सुरुवातीला त्रास का वाढतो?

नेहमीचा खटका दाबूनही दार उघडत नाही, तेव्हा मांजर तो अधिक जोरात दाबते. पहिले काही दिवस म्याँव वाढते, दारावर ओरखडे पडतात. उपाय फसला असे वाटून अनेक जण इथेच माघार घेतात. खरे तर जुनी सवय सुटण्याआधीचा हा नेहमीचा टप्पा आहे. दार बंद करायचे असेल, तर बाहेर पाणी आणि लिटर बॉक्स ठेवावा आणि ओरखडल्यावर दार उघडू नये. वन-बीएचकेत दार बंद करण्याची सोय नसेल, तर कुशीवर वळून पडून राहणे एवढेच हातात उरते.

त्यासाठी घरात सर्वांचे एकमत हवे. मुलगा उठत नाही, पण पाचला उठणारी आजी मायेने बशीभर दूध देते, अशा घरात मांजर ओरडणे कधीच सोडणार नाही. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील लॅक्टोज नीट पचत नाही आणि त्यांना जुलाब होऊ शकतात.

आजाराची शंका कधी घ्यावी?

वर्षानुवर्षे शांत झोपणारे मांजर अचानक रात्री ओरडू लागले, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. वयस्कर मांजरांत थायरॉइडची अतिक्रियाशीलता, मूत्रपिंडाचा आजार, उच्च रक्तदाब, सांधेदुखी किंवा स्मृतिभ्रंश ही कारणे असू शकतात. भरपूर खाऊनही वजन घटणे, पाणी पिणे आणि लघवी वाढणे, घरातच भांबावल्यासारखे फिरणे ही लक्षणे पाहावीत. नसबंदी न झालेली भाटी माजावर असताना रात्रभर ओरडते. तो हट्ट नसतो आणि नसबंदी हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास त्याच्या जिवाला धोका असतो.

मांजर शांत व्हावे म्हणून माणसांची कोणतीही गोळी देऊ नये. साध्या पॅरासिटामॉलनेही मांजर दगावू शकते.

मांजर सोडून देणे हा पर्याय आहे का?

नाही. घरात वाढलेल्या मांजराला रस्त्यावर अन्न शोधता येईलच असे नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात दंड फक्त १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे त्याचा धाक फारसा नाही. महिनाभर नेमाने वर दिलेला क्रम पाळला, तर बहुतेक घरांत ती वेळ येत नाही. एवढे करूनही मांजर उठवतच राहिले, तर ते कधी उठवते, काय खाते आणि पाणी किती पिते याची आठवडाभर नोंद ठेवावी आणि ती घेऊन पशुवैद्यकाला भेटावे.