गावाची कढई

कोंते चीजच्या एका ढेपेला सुमारे 400 लिटर दूध लागतं. ढेप भरते 40 किलोच्या आसपास आणि तिचा व्यास हातभरापेक्षा मोठा असतो. या चीजबद्दल सांगायचं तर आधी हा आकडा सांगायला हवा, कारण पुढची सगळी कथा त्यातूनच निघते. जुन्या काळी ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात चार-पाच गाई असत, त्यानं एवढं दूध एका दिवसात आणायचं कुठून? आणि दूध तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युरा पर्वताच्या रांगा आहेत; कोंते तिथलंच. आल्प्सच्या मानानं हे डोंगर बुटके, पण हिवाळा मात्र कडक आणि लांबलचक. उन्हाळ्यात गवत अमाप आणि दूधही भरपूर. पुढचे कितीतरी महिने बर्फात काढायचे म्हणजे ते दूध टिकाऊ रूपात साठवायला हवं. छोटं, मऊ चीज चार दिवसांत संपवावं लागतं. मोठं, घट्ट, कोरडं चीज वर्षभर टिकतं आणि गाडीवर घालून दूरच्या बाजारातही नेता येतं. मोठी ढेप ही गरज होती, आणि ती एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून गावानं दूध एकत्र केलं. या सामाईक चीजघराला तिथे फ्रुइतियेर म्हणतात. देसेरव्हिये आणि लव्हिये या गावांच्या 13व्या शतकातल्या कागदपत्रांत अशा चीजघरांचे उल्लेख सापडतात.

हिशेबाची जुनी रीत फार सुंदर होती. प्रत्येकानं आणलेलं दूध लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदवलं जाई. आज तुमचं दूध माझ्या ढेपेत, उद्या माझं तुमच्या ढेपेत. ज्याची दुधाची जमा सगळ्यांत जास्त झाली, त्या दिवशीची ढेप त्याची. चुलीला सरपण त्यानं द्यायचं आणि चीज करणाऱ्या कारागिराला जेवूही त्यानंच घालायचं. हे उसनं दूध शेजाऱ्याच्या शब्दावर चालत होतं. कोणी दुधात पाणी घातलं, तर नासायची ती सगळ्या गावाची ढेप. त्यामुळे विश्वासाबरोबर पाळतही होतीच. शार्ल फूरिये हा समाजवादी विचारवंत 1772 मध्ये याच प्रदेशातल्या बेझाँसों शहरात जन्मला. माणसांनी एकत्र येऊन उत्पादन करावं असा विचार मांडताना त्यानं ज्युराच्या शेतकऱ्यांच्या या सामाईक चीजघरांचा दाखला दिला होता. मोठमोठ्या सिद्धांतांच्या आधी ती गोष्ट डोंगरातल्या माणसांनी पोटासाठी करून ठेवली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आज दीडशेच्या आसपास चीजघरं उरली आहेत आणि त्यांपैकी बहुतेक सहकारी आहेत. आत गेलं की पहिली दिसते तांब्याची भलीमोठी कढई. तांबं हे परंपरेचं कौतुक म्हणून ठेवलेलं नाही, नियमच तसा आहे. संध्याकाळचं आणि सकाळचं दूध तिच्यात एकत्र होतं. कोमट दुधात विरजण आणि वासराच्या पोटातून मिळणारं रेनेट घातलं की अर्ध्या तासात ते घट्ट धरतं. मग तारांच्या पात्यांनी त्याचे बारीक दाणे केले जातात आणि ढवळत ढवळत कढई 55 अंशांच्या आसपास तापवली जाते. दाणे कधी तयार झाले, हे घड्याळ ठरवत नाही. कारागीर हात कोपरापर्यंत कढईत घालतो, मूठभर दाणे उचलतो आणि दाबतो. त्यांचा गोळा झाला पाहिजे आणि तोच गोळा तळहातावर चोळला की पुन्हा दाणे मोकळे झाले पाहिजेत. एवढं जमलं की निवळीसकट सगळं साच्यांत जातं. पूर्वी हे काम कापडानं होई. कापडाच्या एका कडेला लवचिक पट्टी गुंडाळून ती कढईच्या तळाशी सरकवायची, दुसरी कड दातांत धरायची, आणि ओणवं होऊन सगळा ऐवज एका दमात वर ओढायचा. आज ते काम पंप करतो. ढेपेच्या कडेला ओळखीची हिरवी चकती बसते. कोणत्या चीजघरात आणि कधी ही ढेप झाली, हे त्यावरून कळतं.

कोंतेला 1958 मध्ये कायद्यानं भौगोलिक नामसंरक्षण मिळालं. या नावाबरोबर आलेले नियम वाचताना मी थक्क होते, कारण ते वरून लादलेले नाहीत. उत्पादकांनीच ते मागून घेतले आणि दर वेळी आणखी आवळले. दूध प्रामुख्यानं मोंबेलियार्द जातीच्या तांबड्या-पांढऱ्या गाईंचं. प्रत्येक गाईमागे किमान एक हेक्टर गवताळ जमीन. धारा काढायला यंत्रमानव नाही. आणि मुरघास, म्हणजे आंबवलेला ओला चारा, पूर्ण बंद. मुरघासातून येणारे काही जिवाणू दुधात टिकून राहतात आणि कित्येक आठवड्यांनी मुरणाऱ्या ढेपेत वायू तयार करतात. ढेप आतून फुगते, तडकते, वास मारते. म्हणून हिवाळाभर गाईंना वाळलेलं गवतच खावं लागतं आणि शेतकऱ्याला पावसाची नजर चुकवून ते वाळवावं लागतं. उत्पादन किती वाढवायचं, हेही सगळे मिळून ठरवतात. मागणी आहे म्हणून वाटेल तेवढं करायचं, असा मार्ग त्यांनी स्वतःच बंद केला. त्याचं फळ म्हणजे या डोंगरातल्या दुधाला देशाच्या सरासरीपेक्षा चांगला भाव मिळतो आणि लहान गावांत दुभती गुरं शिल्लक आहेत.

यातला एक नियम पाश्चरच्या भूमीत विशेष उठून दिसतो. लुई पाश्चर 1822 मध्ये याच ज्युरा जिल्ह्यात, दोल या गावी जन्मला आणि आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात वाढला. वाइन का बिघडते याचा शोध त्यानं आर्ब्वात घेतला. तापवून जिवाणू मारण्याची जी पद्धत आज जगभर त्याच्या नावानं ओळखली जाते, ती त्यानं आधी वाइनसाठी शोधली. दूध नंतर आलं. आणि कोंतेचं दूध? रेनेट घालण्यापूर्वी ते 40 अंशांच्या वर तापवायचंच नाही. यात पाश्चरला विरोध वगैरे काही नाही. तिथल्या कुरणांत नाना प्रकारच्या वनस्पती असतात आणि त्या त्या ठिकाणचे जिवाणू दुधात उतरतात. ते जिवाणू मेले तर सगळ्या गावांचं चीज एकाच चवीचं होईल. कोणते जिवाणू हवेत आणि कोणते नकोत, हे कळण्याची दृष्टी पाश्चरच्याच विज्ञानानं दिली.

ताजी ढेप मिळमिळीत लागते. किमान चार महिने ती मुरावी लागते. बऱ्याच ढेपा वर्षभर, काही दोन वर्षांहूनही अधिक. मुरायची जागा ऐकून आश्चर्य वाटेल. 1870-71च्या युद्धात प्रशियाकडून हार खाल्ल्यावर फ्रान्सनं पूर्व सीमेवर किल्ल्यांची रांग उभारली. त्यातला सेंत-आंत्वानचा किल्ला 1,100 मीटर उंचीवर आहे. दगडी कमानी, वर मातीचा जाड थर आणि आत बाराही महिने गारवा. मार्सेल पेतित या चीज व्यापाऱ्यानं 1966 मध्ये तिथे ढेपा ठेवायला सुरुवात केली. त्या काळी उबदार तळघरात चीज लवकर मुरवायची पद्धत होती; थंडीत सावकाश मुरवलं तर चव खोल होते, यावर त्याचा भरवसा होता. आज त्या किल्ल्यात स्प्रूसच्या फळ्यांवर छतापर्यंत ढेपा रचलेल्या आहेत. त्या उलटण्याचं आणि मिठाच्या पाण्यानं साल घासण्याचं काम यंत्रं करतात.

पारख मात्र माणूसच करतो. त्याच्या हातात एक छोटं हत्यार असतं: एका टोकाला हातोडी, दुसऱ्या टोकाला पन्हाळीसारखं पातं. आधी तो ढेपेवर ठोकत कान लावतो. आत भेग किंवा पोकळी असेल तर आवाज बदलतो. मग पातं खुपसून, फिरवून पेन्सिलीएवढा तुकडा बाहेर काढतो, हुंगतो, बोटांत मळतो, जिभेवर ठेवतो. उरलेला तुकडा पुन्हा त्याच भोकात बसवून वरून अंगठा फिरवतो, जखम बुजते. शेवटी ढेपेला 20 पैकी गुण मिळतात. 14च्या वर हिरवा पट्टा, 12 ते 14 तपकिरी, आणि 12च्या खाली कोंते हे नावच नाही. अशी ढेप वितळवून दुसऱ्या चीजमध्ये घालायला जाते. गावाच्या सामाईक कष्टाला इतक्या निष्ठुरपणे नापास करणं सोपं नाही, पण नावाची पत त्यावरच टिकते.

हिवाळ्यानं इथल्या इतर पदार्थांनाही आकार दिला. बर्फात चीजघरापर्यंत दूध नेता आलं नाही की घरीच लहान चीज होई. संध्याकाळच्या दह्यावर कढईची काजळी पसरायची आणि सकाळचं दही त्यावर घालायचं. मोर्बिये चीजच्या पोटातली काळी रेघ तिथून आली. मोर्तोचं डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज घराच्या मध्यावर उभ्या असलेल्या अवाढव्य लाकडी धुराड्यात टांगून स्प्रूसच्या भुशाच्या धुरावर निदान दोन दिवस धुरवतात. मों-दोर हे मऊ चीज स्प्रूसच्या सालीच्या पट्टीत बांधलेलं असतं. त्याच्या डबीत लसूण आणि पांढरी वाइन घालून ती तशीच भट्टीत ठेवतात आणि चीज उकडलेल्या बटाट्यांवर ओततात.

डोंगर उतरून खाली आलं की द्राक्षमळे लागतात. इथल्या पिवळ्या वाइनसाठी, व्हँ जोनसाठी, शातो-शालों हे टेकडीवरचं गाव फार मानलं जातं. सगळीकडे वाइनचं पिंप काठोकाठ भरून ठेवतात, कारण हवा लागली की वाइन आंबते. इथे साव्हान्यँ द्राक्षांची वाइन पिंपात भरतात आणि सहा वर्षं तीन महिने तिच्यात भर घालत नाहीत. ती हळूहळू उडून जाते, पातळी खाली जाते आणि उघड्या पृष्ठभागावर यीस्टची सायीसारखी पातळ झिल्ली धरते. तीच वाइनचं रक्षण करते आणि तिला नवा गंधही देते. एक लिटरमधून शेवटी जेवढी उरते तेवढीच मावेल अशी 62 सेंटिलिटरची बुटकी बाटली तिच्यासाठी ठरलेली आहे. तिच्या गंधात अक्रोड असतो आणि मसाल्याचा एक ओळखीचा दरवळही. ओळखीचा अशासाठी, की त्यामागचं सोटोलॉन हे द्रव्य आपल्या मेथीदाण्यातही मुख्य गंध म्हणून असतं. गुच्छी, साय आणि ही वाइन घालून शिजवलेला कोंबडा हा इथला सणासुदीचा पदार्थ. आणि मुरलेलं कोंते, दोन अक्रोड आणि घोटभर व्हँ जोन हे त्याहून साधं, मला अधिक पटणारं जेवण.

पुन्हा डोंगर चढून गेलं की सीमेजवळ पोंतार्लिये लागतं. हे गाव एकेकाळी अॅबसिंथ या कडू, हिरव्या दारूसाठी प्रसिद्ध होतं. 11 ऑगस्ट 1901 रोजी तिथल्या पेर्नो कारखान्यावर वीज पडली. आग भडकू नये म्हणून साठ्यातली बरीच दारू दू नदीत सोडून द्यावी लागली. पुढच्या दोन-तीन दिवसांत डोंगरापलीकडे लू नदीच्या उगमाच्या पाण्याला अॅबसिंथचा वास येऊ लागला. लूचं पाणी जमिनीखालून दू नदीतूनही येतं, हे अशा रीतीनं लोकांच्या नाकाला कळलं. ज्युराचा चुनखडक भेगांनी भरलेला आहे. वर जे पडतं ते न गाळता खाली जातं आणि भलत्याच ठिकाणी वर येतं.

आज हीच गोष्ट कोंतेच्या दारात उभी आहे. 2010च्या सुमारास लू नदीत मासे मोठ्या संख्येनं मेले आणि तेव्हापासून बोट शेतीकडेही दाखवलं जातं. गोठ्यातलं पातळ शेणखत आणि रासायनिक खतं या खडकातून थेट पाण्यात उतरतात. दोष एकट्या गाईंचा नाही, गावांच्या सांडपाण्याचा आणि जंगलतोडीचाही आहे, असं उत्पादक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही चांगल्या भावामुळे दूध वाढवण्याचा मोह वाढला, हे नाकारता येत नाही. शेतकरी, चीजघरं आणि चीज मुरवणारे यांची 1963 पासूनची सामाईक समिती आहे. तिनं नियम पुन्हा उघडले: एका शेतावरच्या दुधाला कमाल मर्यादा, खतांना आणखी आवर, फार मोठे गोठे नकोत. ज्यांचं उत्पन्न त्यानं कमी होणार, त्यांनीच या प्रस्तावांवर मत द्यायचं होतं.