पत्त्यांचा डाव आणि पावसाचा डाव



सोयाबीनवर कोणती फवारणी करावी, हे सांगायला मी नेहमी तुमच्या बांधावर येतो. आज फवारणीची गोष्ट नाही. आज राजकारण, गरीब-श्रीमंत आणि मोबाइलवरचे खेळ यांबद्दल चार मोकळ्या गोष्टी बोलायच्या आहेत. सरकारी नोकराने राजकारणात तोंड घालू नये, हे मला कळते. म्हणून मी कोणाची बाजू घेत नाही. पटले तर घ्या, नाही तर बांधावरच ठेवून द्या.

2025 सालचा जुलै महिना आठवा. महिन्याच्या सुरुवातीला आपल्या लातूर जिल्ह्यातली एक चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. अहमदपूर तालुक्यातला एक वृद्ध शेतकरी बैल परवडत नाहीत म्हणून स्वतःच औत ओढत होता आणि त्याची कारभारीण मागे चालत होती. मग 20 जुलैला दुसरी चित्रफीत आली, ती विधिमंडळातली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत होता. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करीत होतो, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी लातुरात एका पक्षाच्या पत्रकार परिषदेत छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी टेबलावर पत्ते टाकून निषेध केला आणि तिथे त्यांना मारहाण झाली. महिनाअखेरीस कोकाट्यांकडचे कृषिखाते काढून त्यांना क्रीडाखाते दिले गेले. पारावर त्यावर हशा पिकला.

त्या आठवड्यात एका गावी माझी शेतीशाळा होती. हवामानाचा अंदाज पाहावा म्हणून मी मोबाइल काढला, तोच मागून एक आजोबा म्हणाले, “काय साहेब, डाव लागला का?” सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना हसू मावळले. तालुक्याच्या बैठकीत साहेबांची वाट पाहताना रंगीत चौकोन जुळवायचा खेळ मीही खेळतो. मग दगड कोणाला मारू?

साडेसात क्विंटल सोयाबीन

शाळा संपल्यावर पंचविशीतला एक मुलगा मागे घुटमळत राहिला. पीककर्ज वाढवून मिळेल का, एवढेच विचारत होता. खोदून विचारले तेव्हा रडू फुटले. ठेवणीतले सोयाबीन उन्हाळ्यात विकले होते, पैसे त्याच्या खात्यावर आले होते. रात्री गोधडीत मोबाइल घेऊन तो पैशाची रमी खेळे. पहिल्या आठवड्यात जिंकला. नंतर चाळीस हजार गेले. वडिलांना वाटत होते, आडत्याने अजून पट्टी दिली नाही.

हिशेब करा. 2025-26 साली सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला 5,328 रुपये होती. म्हणजे चाळीस हजारांना साडेसात क्विंटल सोयाबीन झाले. चांगल्या एकराची ही सगळी रास. तीही मोंढ्यात तो भाव मिळाला तर!

मी म्हटले, “कर्जाचे मागून पाहू. आधी वडिलांना सांग.” तो म्हणाला, “तुम्ही सोबत या.” गेलो. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ खाली पाहत बसले. मग म्हणाले, “पाऊसबी नेतोच की साहेब. पण त्याला वर बघून शिव्या तरी देता येतात.”

आधी उगवण तपासा

पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरायचे, नाही तर नाही. हीच परीक्षा पैशाच्या खेळाला लावा. समजा, दहा जणांनी शंभर-शंभर रुपये लावले. हजारातले शंभर कंपनीने आपला वाटा म्हणून काढले आणि नऊशे जिंकणाऱ्याला दिले. तेच पैसे पुन्हा लावले की पुन्हा दहावा हिस्सा गेला. असे सात डाव झाले की हजारातले फक्त 478 रुपये खेळणाऱ्यांत उरतात. कोण जिंकले, कोण हरले याला महत्त्व नाही. कंपनी प्रत्येक डावात जिंकते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी गत. एकरी तीस किलो सोयाबीन पेरले तर धरणीमाता कित्येक पटीने परत देते. हे वावर मात्र पेरलेलेच खाते.

आता गरीब-श्रीमंताचे पाहा. खेळ एकच, मोबाइलही एकच. महिन्याच्या पगारवाल्याचे पाचशे गेले तर एक दिवसाची चैन गेली. आपले पाचशे गेले तर युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या गेल्या. ज्याच्याकडे कमी, त्यालाच लवकर श्रीमंत होण्याची जाहिरात गोड लागते. आणि त्या अहमदपूरच्या म्हाताऱ्याला चित्रफीत पसरल्यावर मदतीचे हात पुढे आले, ही चांगली गोष्ट. पण ज्यांची चित्रफीत कोणी काढली नाही, त्यांचे काय? मंत्र्याच्या पत्त्यांवर आपण महिनाभर बोललो. औतावर किती दिवस बोललो? राजकारणाबद्दल माझे मत एवढेच आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. त्याच आठवड्यात मुखेड तालुक्यातल्या गावांत पूर शिरला, माणसे आणि गुरे गेली, पिके खरवडली. पावसाच्या डावावर कोणत्याही संसदेला बंदी घालता येत नाही. तो डाव आपल्या नशिबी आहेच. म्हणून म्हणतो, दुसरा डाव आपण होऊन कशाला मांडावा?

मुलांवर मात्र उगीच डाफरू नका. मोटारी पळवायचा, चेंडूफळीचा बिनपैशाचा खेळ अभ्यास झाल्यावर थोडा वेळ खेळला, तर बिघडत नाही. आपणही विटीदांडूपायी मार खाल्लाच आहे. फक्त तीन गोष्टी पाळा. बँकेचे खाते जोडलेला मोबाइल मुलांच्या हाती देऊ नका. पैसे पाठवायचा गुप्त क्रमांक घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. आणि चोरून चालणाऱ्या एखाद्या खेळात कोणी फसलाच, तर लाजू नका. लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

त्या मुलाने पुढे काय केले, हे सांगायचे राहिले. आता पट्टी वडिलांच्या खात्यावर येते. कर्ज वाढवून घेतले नाही. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा तो गोणपाटावर दाणे मोजत बसला होता. म्हणाला, “साहेब, ब्याऐंशी उगवलेत.”

मी माझा रंगीत चौकोनांचा खेळ मोबाइलवरून काढून टाकला आहे. बैठकीत आता जांभया देतो.